पळता पळता राम राम

चांदेसरच्या शाळेपुढे चव्वेचाळीस माणसं पळायला उभी होती. त्यातल्या त्रेचाळीस जणांचे बूट पोपटी, नारिंगी, गुलाबी. चव्वेचाळिसावे तेवढे खाकी कापडाचे, डाव्या टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेले. ते गेनारामचे.

"काका, पाण्याची टेबलं तिकडे," गळ्यात शिट्टी अडकवलेला एक जण घाईघाईनं म्हणाला. शर्यत भरवायला तो जोधपूरहून आला होता.

गेनारामनं घोंगडी बाजूला करून छातीवरचा कागद दाखवला. चव्वेचाळीस.

"पूर्ण? बेचाळीस किलोमीटर?"

"मीठडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. अठ्ठावीस वर्षं तेच केलंय साहेब. फक्त तेव्हा पाठीवर टपाल असायचं."

शिट्टीवाल्यानं त्याच्याकडे बघितलं, मग बुटांकडे बघितलं, आणि रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला काहीतरी हळूच सांगून आला.

शाळेच्या आवारातल्या खेजडीच्या झाडाखाली डाक निरीक्षकसाहेब खुर्ची टाकून बसले होते. मफलर, कानटोपी, हातात चहा. माणूस वाईट नव्हता. पण नियमाचा माणूस होता, आणि नियमाला पाय बघावे लागतात.

"सात तास, गेनाराम," ते म्हणाले. "शर्यतीची वेळ तीच आपली वेळ. दोनच्या आत या दोरीपाशी आलास तर सोमवारपासून टपालवाटपाची बीट तुझी. नाही आलास, तर टेबल आणि शिक्का. निवृत्तीपर्यंत. मग पुन्हा माझ्या दाराशी यायचं नाही."

"नाही येणार साहेब."

"आणि वाटेत थांबू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे."

"पेमीनंही तेच सांगितलंय," गेनाराम म्हणाला.

गेल्या भाद्रपदात मीठडीत, स्वतःच्याच घरामागं, गवाराची पेंढी उचलताना त्याला बांडी चावली होती. वीतभर लांबीचा साप, पण डाव्या घोट्यावर असा चावला की अर्ध्या घटकेत पाय भोपळा झाला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पावसानं वाळूची वाट खचलेली. जीप येते ती चांदेसरपर्यंतच. मधे एकवीस किलोमीटर. मग त्याला खाटेवर घातलं, उन्हासाठी ओला फेटा तोंडावरून घेतला आणि खाट निघाली. मीठडीच्या चौघांनी सांधांच्या ढाणीच्या, म्हणजे त्यांच्या वाडीच्या, शिवेपर्यंत, तिथून त्यांच्या चौघांनी रोहिड्यापर्यंत, रोहिड्याच्यांनी आकलीपर्यंत, आकलीच्यांनी चांदेसरच्या जीपपर्यंत. सोळा माणसं. डॉक्टर म्हणाले, अजून एक तास उशीर झाला असता तर मी काय करणार होतो?

ती सोळा माणसं कोण, हे गेनारामला आजतागायत कळलं नव्हतं.

कळणार कसं? मेलेल्याला खांदा देणारे चारचौघांत सांगतात. जिवंत माणसाला खांद्यावरून न्यावं लागलं, तर त्या मुलखात कोणी नाव सांगत नाही. सांगितलं तर मरण ऐकतं, आणि अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला परत येतं. म्हणून गेनाराम ज्याला विचारी, तो आभाळाकडे बघे. "मी तर त्या दिवशी शेळ्यांकडे होतो." "मी विहिरीवर होतो." सगळा मुलूख त्या दिवशी शेळ्यांकडे आणि विहिरीवर होता. खाट बहुतेक आपली आपणच चालत गेली असावी.

खुद्द बायको, पेमी, खाटेमागून एकवीस किलोमीटर चालली. तिला विचारलं तर म्हणाली, "मी घुंघटात होते. मला काय दिसणार? वाळू दिसली. आणि पाय."

"कुणाचे पाय?"

"माणसांचे."

आणि फेट्याखाली गेनारामला तरी काय कळलं होतं? ठिबकणारं पाणी, वाळूत पडणारी पावलं, आणि कोणीतरी सारखं कानाशी बडबडत होतं तेवढं. त्याला झोप येत होती, गोड, जड झोप, आणि ती बडबड काही झोपू देत नव्हती. ती काय बडबड होती हे मात्र तापात पुसून गेलं होतं.

जीव वाचला. पाय वाचला, पण घोट्याखाली बधिर. आहे की नाही हे वाकून बघावं लागे. साहेबांनी त्याला चांदेसरच्या टेबलावर बसवलं. टपाल आता ढाण्यांवर जात नव्हतं. फोन जायचा, तुमचं काहीतरी आलंय, येऊन घेऊन जा. ज्यांना येता येई ते येत. रोहिड्याच्या धापूकाकीचे डोळ्यांत घालायचे थेंब जोधपूरहून पार्सलनं येत, ते अकरा दिवस कपाटात पडून होते. ज्या माणसांनी आपल्याला उचलून आणलं त्यांच्याच दारी आपलं जाणं बंद झालं, ही गोष्ट गेनारामला शिक्का मारता मारता रोज टोचायची. बधिर पायाला टोचत नव्हतं, म्हणून बहुधा सगळं मनालाच टोचत होतं.

शिट्टी वाजली. रंगीत बूट उधळले. गेनाराम आपल्या चालीनं निघाला, अर्धं चालणं, अर्धं पळणं, डाकवाल्याची ती जुनी दुडकी चाल. खिशात धापूकाकीचे थेंब होते. जातोच आहे तर.

आकलीपर्यंत सगळं छान झालं. सहा किलोमीटर, पन्नास मिनिटं. आणि मग वाटेच्या कडेला, खाटेवर, हुक्का घेऊन भोमाकाका बसलेला दिसला. सत्तरीचा, ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा.

"राम राम, गेना!"

"राम राम काका, पळतोय!"

"ते दिसतंय. लेकरं राजी?"

आता सांगा. वडीलधाऱ्या माणसानं लेकरं राजी का, सुखरूप का, असं विचारलं आणि तुम्ही पाठ दाखवून पळत सुटलात, तर तुम्ही माणूस की नीलगाय? गेनारामचे पाय थांबले. त्यानं थांबवले नव्हते.

"राजी, काका."

"सून राजी?"

"राजी."

"गुरं राजी?"

"राजी."

"टाक्यात पाणी?"

"आहे काका. तुमची लेकरं राजी?" कारण परत विचारायचं असतं, नुसतं घेऊन चालत नाही.

"धाकट्याला मुलगी झाली."

मुलगी झाली म्हटल्यावर गूळ आला. गूळ आला म्हटल्यावर पाणी आलं. पाणी पिताना उभ्यानं पिऊ नये म्हणून बसणं आलं. एक गुलाबी बुटांची मुलगी बाजूनं पळत गेली आणि तिनं लांबूनच हात जोडले. गेनारामच्या मागं आता कोणीही उरलं नव्हतं.

रोहिड्याला धापूकाकी वाटेवरच उभी. थेंबांची डबी तिनं डोळ्यांशी धरून बघितली, छातीशी धरली आणि परत त्याच्या हातात दिली.

"घालून जा. माझा हात हलतो."

"काकी, माझी शर्यत आहे."

"माझे डोळे आहेत."

त्यानं घातले. दोन या डोळ्यात, दोन त्या डोळ्यात. मग पाच मिनिटं पापण्या मिटून बसायचं असतं, आणि तेवढ्या वेळात काकीला एकटं वाटू नये म्हणून तो शेजारी बसला. तिनं मिटल्या डोळ्यांनी त्याला पंचवीस माणसांची खुशाली विचारली.

सांधांच्या ढाणीत सुमारचाचाचा चहा. सुमारचाचा उंटांचा माणूस. बोलताना मधेच दोनदा खोकायचा, नेहमी दोनदाच. "सलाम, डाकबाबू. बसा. उंटही पाणी प्याल्याशिवाय पुढे जात नाही, तुम्ही तर सरकारी माणूस."

मीठडीला वळायची खूण होती. तिथं पाण्याचं टेबल, टेबलामागं पेमी. तिनं त्याला लांबून बघितलं आणि पाण्याचा पेला भरायच्या आधी टेबलावरचं घड्याळ उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. दहा बावन्न.

"तीन तास बावन्न मिनिटं," ती घुंघटातून म्हणाली. "काय करत होता?"

"काही नाही. राम राम."

"तीन तास?"

"भोमाकाकाला नात झाली."

"मला माहीत आहे. मला फोन आला. फोन म्हणतात त्याला. बसा खाली, बूट काढा."

"वेळ नाही पेमी."

"गुळाला होता, चहाला होता, बायकोला नाही. काढा."

तिनंच काढला. डावा मोजा लाल झाला होता. बुटाच्या पातळ तळातून बाभळीचा काटा आरपार घुसला होता, बोटभर, आणि गेनारामला पत्ता नव्हता. पेमीनं दातांनी काटा ओढला, हळद दाबली, ओढणीची कड फाडून बांधली. मग वाटीभर ताक-बाजरीची राबडी त्याच्या हातात दिली आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"टेबलावर बसलात तर काय होईल? जिवंत आहात ना. मला तेवढं पुरे आहे."

"मला पण पुरे होतं," तो म्हणाला. "पण पेमी, ज्यांनी आणलं त्यांना मी फोन करून सांगू, की तुम्हीच चालत या? तू सांग."

पेमीनं वाटी परत घेतली, बुटाची नाडी घट्ट बांधली आणि फोन घेऊन घराच्या आडोशाला गेली. तीन तास आठ मिनिटं उरली होती. गेनाराम उठला.

ढाणीबाहेर तो पडतो न पडतो तोच उजव्या हाताला शेजारचा रेंवता पळायला लागला. मग डाव्या हाताला त्याचा भाऊ. मागं आणखी दोघं.

"कुठे रे?"

"शेळी हरवलीय," रेंवता म्हणाला.

"चौघांची?"

"एकच शेळी. चौघांची आहे. तुम्ही थांबू नका हो, तुमचा आमचा काय संबंध. राम राम. लेकरं राजी?"

"अरे आत्ता येतानाच तर विचारलंस!"

"येतानाचं येताना. लेकरं राजी?"

"राजी," गेनाराम धापा टाकत म्हणाला.

"गुरं राजी?"

पेमीनं फोनवर काय सांगितलं ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. तिनं चारी ढाण्यांना एवढंच सांगितलं होतं: त्यांना थांबवू नका. बोलल्याशिवाय राहवत नसेल, तर पळत पळत बोला.

सांधांच्या शिवेवर रेंवता आणि मंडळी समोर भिंत आल्यासारखी थांबली. तिथं दुसरे चौघे उभे होते. शेळीचं नाव त्यांनीही काढलं, फक्त ती आता उंटीण झाली होती. सुमारचाचा त्यात होता, साठी उलटलेला, लुंगी खोचून. गेनारामच्या उजव्या अंगाला, जरा मागं, त्यानं आपली जागा घेतली.

ऊन आता डोक्यावर आलं होतं. पौष असला तरी वाळू ती वाळूच. शिवेवरच्या पाण्याच्या टेबलावर गेनारामनं फेटा भिजवून डोक्यावर घेतला होता. पळता पळता त्याचा पदर सुटला आणि ओलाच्या ओला डोळ्यांवर आला. तो बाजूला करायला त्यानं हात उचलला, आणि हात तसाच राहिला.

ठिबकणारं पाणी. चार माणसांची पावलं वाळूत. दोन पुढं, दोन मागं. डावीकडच्या पुढच्या माणसाची मोजडी दर पावलाला करकरत होती. उजवीकडून मागून दोनदा खोकला.

"गुरं राजी?" खोकला म्हणाला.

गेनारामच्या पाठीच्या मणक्या-मणक्याला आठवलं. हीच ती बडबड. हेच प्रश्न, ह्याच क्रमानं, पुन्हा पुन्हा, ओल्या फेट्याखाली तो त्या गोड झोपेत उतरत असताना. लेकरं राजी? बोल, गेना. गुरं राजी? टाक्यात पाणी? आणि त्याला उत्तर द्यावंच लागत होतं, कारण खुशाली विचारल्यावर गप्प राहायला त्याच्या आईनं त्याला शिकवलंच नव्हतं. प्रत्येक "राजी"ला तो एक पायरी वर येत होता.

त्यानं फेटा वर केला. चौघे त्याच्या चार कोपऱ्यांना पळत होते. कोणी पुढे जात नव्हतं, कोणी मागं पडत नव्हतं, कोणी जागा बदलत नव्हतं. मधली खाट तेवढी नव्हती. खाटेच्या जागी तो होता, उभा.

"सुमारचाचा," तो म्हणाला, "तुम्ही होतात."

"कुठे?"

"पायाशी. उजवीकडे."

"मी त्या दिवशी उंटांकडे होतो."

"आणि आज?"

"आजही उंटांकडेच आहे. तू बोलू नकोस रे, दम लागेल. गुरं राजी?"

गेनारामच्या घशात आभाराचे शब्द आले होते, चार महिने साठवलेले. त्यानं ते गिळले. देता येईल असा एकच शब्द होता.

"राजी!" तो ओरडला. इतक्या जोरात, की बाजूच्या आकड्याच्या झुडपातून तितर उडाले. "गुरं राजी! लेकरं राजी! टाक्यात पाणी आहे, सुमारचाचा, गळ्यापर्यंत आहे!"

"हं," सुमारचाचा म्हणाला, आणि दोनदा खोकला.

रोहिड्याच्या चौघांना त्यानं आता पायांवरूनच ओळखलं. एक जण उजवा पाय फेकत चाले, त्या बाजूला खाट हेलकावे खात असे. कंबरेला ते हेलकावे आठवत होते. धापूकाकी बांधावर उभी राहून डोळ्यांवर हात धरून ओरडत होती, "दिसतोय! मला दिसतोय! पळ मेल्या!"

आकलीच्या शिवेवर घड्याळात एक वाजायला पाच मिनिटं होती. सहा किलोमीटर बाकी. बधिर पाय आता लाकूड झाला होता. तो पडतोय की नाही हे आवाजावरून कळत होतं. शिवेवर चौघे उभे होते, आणि त्यात भोमाकाका.

"काका, तुम्ही नका. सत्तर वर्षं झाली तुम्हाला."

"माझा बैल सुटलाय. मी बैल शोधायचा नाही का?"

आणि ठेंगणा भोमाकाका डाव्या हाताला, पुढं, आपल्या कोपऱ्यात जाऊन पळायला लागला, तुरुतुरु, दोन पावलं जिथं इतरांचं एक. गेनारामला हसू आलं आणि रडूही. आकलीनंतर खाट डोक्याच्या डाव्या बाजूला कललेली असायची. सगळी वाट त्याचं डोकं त्या कोपऱ्याकडे घसरत होतं आणि कोणाचा तरी हात ते परत सरळ करत होता, पुन्हा पुन्हा, पोराचं करावं तसं.

"लेकरं राजी?" भोमाकाकानं विचारलं. त्याला स्वतःलाच धाप लागली होती.

"राजी काका. तुमची नात राजी?"

"राजी."

"नाव काय ठेवलं?"

"तू ये. सोमवारी. टपाल घेऊन. मग सांगतो."

कोणी पळत होतं, कोणी चालत होतं, चालणारा मागं पडला की बाकीचे हळू होत. एकदा गेनारामचा पाय मुडपला तेव्हा चार हात एकदम पुढं आले आणि एकदमच मागं गेले. धरलं असतं तर शर्यत संपली असती. तो आपला आपण उठला. खुशाली चालूच होती. बाजरी संपली, मोठ-मटकी किती झाली, कुठली म्हैस व्याली, कोणाची सासू रुसली. पाचव्या किलोमीटरला विचारायला काही उरलं नाही, तेव्हा भोमाकाकानं पुन्हा लेकरांपासून सुरुवात केली.

चांदेसरची शीव म्हणजे एक दगड आणि त्याच्याजवळचं कैराचं सुकं झुडूप. गेल्या भाद्रपदात जीप तिथं उभी होती. चौघे तिथंच थांबले.

"जा," भोमाकाका कमरेवर हात ठेवून म्हणाला. "इथून पुढे तुझं तू. आम्ही इथवरच."

आम्ही इथवरच आणलं होतं, असं तो म्हणाला नाही. पण गेनारामनं ऐकलं.

तो एकटा धावला. पेमीचं फडकं कधीच सुटलं होतं, बुटाचं ठिगळ फटफट वाजत होतं. शाळा दिसली, खेजडी दिसली. रंगीत बूटवाले वाटेच्या दोन्ही बाजूंना बसून संत्री खात होते, ते उठून टाळ्या वाजवायला लागले. दोरीपलीकडे साहेब उभे होते. मफलर सुटलेला, हातात घड्याळ, आणि तेही दोन्ही हातांत, पडेल म्हणून धरल्यासारखं.

गेनारामनं दोरी ओलांडली आणि वाळूत बसला. साहेबांनी घड्याळ त्याच्यापुढं धरलं. एक सत्तावन्न.

शिट्टीवाला धावत आला. "काका, शाबास! पण एक विचारायचंय. टेबलावरची माणसं म्हणतात, तुमच्याबरोबर वाटेत आणखी लोक पळत होते. नोंद नसलेले. कोणी धरलं वगैरे नाही ना?"

"धरलं नाही," गेनाराम म्हणाला. "उठलो तो माझा मी."

साहेबांनी मान तिरकी केली. त्यांची नजर लांब शिवेकडे गेली, जिथं चार ठिपके परत फिरत होते, एक त्यातला फारच ठेंगणा. "कोण होते रे ते?"

चार महिने गेनारामनं हाच प्रश्न सगळ्या मुलखाला विचारला होता. आता सोळाही नावं त्याच्या जिभेवर होती, कोपऱ्यांसकट. त्यानं आभाळाकडे बघितलं.

"काय माहीत साहेब. त्यांची शेळी हरवली होती."

"सापडली?"

गेनारामनं डावा पाय हातांनी उचलून समोर सरळ ठेवला, तो आहे याची खात्री केली.

"सापडली," तो म्हणाला. "राजी आहे."